सहावा मणी

खंडेनवमीला मी मशीन पूर्ण उघडते. एरवी वर्षभर वरवर फडकं फिरवणं आणि आठवण झालीच तर तेलाचे दोन थेंब. त्या दिवशी मात्र पट्टी काढायची, शटल बाहेर घ्यायचं, दात्यांखाली लोकरीसारखा दाबून बसलेला कचरा जुन्या टूथब्रशने खरवडायचा, मग हळदकुंकू, झेंडूची माळ आणि दिवसभर मशीनला सुट्टी. यंदा मशीन मागे कलतं केलं तर त्याच्या पोटात कुठेतरी टक् झालं. वाटलं, स्क्रू पडला. बोट घालून चाचपलं तर तेलात लडबडलेला, दोऱ्याच्या गुंत्यात अडकलेला एक मणी. काचेचा, हिरवा, पैलू पाडलेला, ज्वारीच्या दाण्याहून जरा मोठा. पदराला पुसून खिडकीशी धरला तसा तळहातावर हिरवा ठिपका पडला. सून आतून विचारत होती, "आई, माळ लहान हवीय का मोठी?" मी काहीच बोलले नाही. तिने पुन्हा विचारलं, मग स्वतःच दोन्ही माळा घेऊन बाहेर आली.

तो मणी कुठला ते मला बघताक्षणी कळलं होतं. तसले मणी मी आयुष्यात एकदाच वापरले.

कोविडच्या आधीचा एक एप्रिल. पुण्यात बालेवाडीच्या अंगाला एका मोकळ्या जागेवर भलामोठा वातानुकूलित तंबू उभा राहिला होता आणि त्यात अकरा दिवस बर्फावरच्या नाचाचा परदेशी शो होणार होता. अशा फिरत्या कंपन्या कपडेपटाची एकदोन मुख्य माणसं सोबत आणतात; बाकी हात जिथल्या तिथे घेतात. मी तीसेक वर्षं नाटकांची आणि नृत्याच्या क्लासांची ड्रेपरी करत आलेय. सुरुवात कॉलेजात, पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकांच्या वेळी भरत नाट्य मंदिराच्या विंगेत सुईदोरा घेऊन उभी राहण्यापासून. त्यामुळे कुणीतरी कुणालातरी माझं नाव सांगितलं आणि एक दिवस फोन आला, "काकू, बर्फावर काम कराल का?" मला वाटलं, लग्नात बर्फाचे हंस-बिंस करतात त्यातलं काही असेल. पैसे ऐकल्यावर हो म्हटलं. अट एकच होती, स्वतःचं मशीन घेऊन यायचं. मग काय, नारायण पेठेतून रिक्षात मांडीवर मशीन, पायाशी दोऱ्यांचा डबा, आणि विद्यापीठ चौकातल्या गर्दीत चाळीस अंशांत शिजत मी बर्फाकडे निघाले.

पहिल्या दिवशी तंबूत बर्फ नव्हताच. जमिनीवर थर्माकोलसारखे जाड तक्ते, त्यावर प्लास्टिक, त्यावर करंगळीएवढ्या काळ्या नळ्यांच्या चटयाच चटया. तंबूमागे कंटेनरएवढं मशीन घरघरत होतं. त्यातून गार केलेलं ग्लायकॉल त्या नळ्यांतून फिरणार आणि वर मारलेलं पाणी खालून गोठत येणार. ग्लायकॉल कशाला, तर साधं पाणी घातलं तर नळीतच गोठून बसेल म्हणून. मैदान साधारण 20 बाय 30 मीटरचं, बर्फ जेमतेम 4 सेंटिमीटर. ऐकायला किती कमी! पण 10 हजार लिटरचे दोन टँकर त्यात रिकामे झाले आणि तिसऱ्याचंही थोडं पाणी गेलं. त्या दिवशी गुरुवार होता. गुरुवार म्हणजे आमच्याकडे पाणी बंद. सकाळी घरातून निघताना मी स्वतः पिंपाला झाकण घालून, "दोन बादल्याच आहेत, बेताने वापरा" असं बजावून आले होते. आणि इथे एक गोरा माणूस रबरी पाइप घेऊन शांतपणे जमिनीला पाणी पाजतोय. टँकरवाला दादा माझ्या शेजारी उभा राहून बघत होता. म्हणाला, "काकू, सोसायटीवाले एका टँकरसाठी दोन दिवस फोन करतात. ह्यांचं बरंय, गोठवून ठेवतात, म्हणजे संपायला नको." मी हसले, पण ते पाणी जमिनीवर पडताना बघवेना. मग थोड्या वेळाने बघत बसले. दोन्ही खरं.

पाणी एकदम ओतत नाहीत. तुळशीला घालावं तसंही नाही. केसांवर फवारा मारावा तसं बारीक तुषारांनी, थरावर थर, दोन रात्री. एकदम ओतलं तर बुडबुडे धरतं, मग तडे जातात. मध्येच एक थर पांढऱ्या रंगाचा, नाहीतर खालच्या काळ्या नळ्या दिसल्या असत्या. त्या गोऱ्याने टँकरच्या पाण्यात कसलीशी पेन्सिलीएवढी कांडी बुडवली, आकडा बघितला आणि तोंड वाकडं केलं. बोअरचं पाणी, जड. क्षार जास्त असले की बर्फ गढूळ होतो, ठिसूळ होतो. आमच्या पाण्याला नावं ठेवल्यावर मला उगीचच राग आला. जसं काही खडकवासला धरणाची मीच मालकीण.

आत शिरल्यावर पहिला धक्का थंडीचा नव्हता, वासाचा होता. बर्फाला स्वतःचा वास नसतो. पण रंगपटापासून बर्फापर्यंत रबराच्या जाड चटया अंथरलेल्या असतात, कारण स्केटचं पातं उघड्या फरशीवर किंवा सिमेंटवर टेकलं की धार गेली. त्या ओल्या चटयांना एक कोंदट वास येत होता आणि त्याने मला नेऊन टाकलं ते आमच्या जुन्या वाड्यात. मी आठ वर्षांची असेन. मे महिन्यात आजोबा गेले. मोठे काका दिल्लीहून यायचे होते, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. हातगाडीवरून बर्फाच्या लाद्या आल्या, भुश्यात लोळवलेल्या, गोणपाटात गुंडाळलेल्या. आजोबांना त्यावर ठेवलं. रात्रभर ते पाणी शहाबादी फरशीवरून वाट काढत मोरीकडे जात होतं आणि आम्हा पोरींना काम दिलं होतं, फडक्याने टिपून बादलीत पिळायचं. ओलं गोणपाट, भुसा, उदबत्ती. इतकं गार पाणी हाताला लागत होतं आणि इतकं उकडत होतं. बर्फ म्हटलं की मला गोळा आठवायला हवा, मस्तानी आठवायला हवी, मला ते फडकं आठवतं. तंबूतल्या मुलांना हे काही सांगितलं नाही. त्यांनी स्वेटर, कानटोप्या, मफलर चढवून सेल्फी काढायला सुरुवात केली होती. एप्रिलमध्ये कानटोपी घालायची संधी पुणेकर सोडतोय होय!

कपडेपटाची हेड साठीची, काटकुळी, गळ्यात मोजपट्टी घातलेली बाई होती. तिचं इंग्रजी माझ्यासारखंच मोडकं असल्यामुळे आमचं उत्तम जमलं. तिने पहिल्या तासात माझा तीस वर्षांचा अनुभव मोडीत काढला. मला मणी-टिकल्या लावता येतात याचा अभिमान होता. लावणीच्या शालूपासून ते झाशीच्या राणीच्या शेल्यापर्यंत सगळं केलेलं. मी नेहमीसारखा दोरा ओवला आणि सरसर एका धाग्यावर मणी घेत गेले. तिने कापड माझ्या हातातून घेतलं, कात्रीने दोरा कापला आणि ओढला. अख्खी ओळ टपटप टेबलावर. मग तिने करून दाखवलं: एक मणी, दोन वेढे, गाठ, दोरा तोडायचा. पुढचा मणी, पुन्हा गाठ. नाटकात मणी तुटला तर तुटला, प्रयोगानंतर झाडूवाल्या मावशी केरात भरतात. बर्फावर मणी पडला की त्यावरून पातं जातं. पात्याच्या मधोमध लांबलचक खाच असते आणि दोन्ही बाजूंना दोन धारा, आतली आणि बाहेरची. सगळा खेळ या दोन धारांवर झुकण्याचा. त्या धारेखाली मोहरीएवढं काही आलं की पाय जागच्या जागी थांबतो आणि उरलेला माणूस पुढे जातो. स्पर्धेत पोशाखाचा तुकडा बर्फावर पडला तर एक गुण कापतात, असं तिने एक बोट वर करून सांगितलं. मग खांदे उडवले. शोमध्ये गुण नसतात.

नंतर घरी येऊन मी वाचलं. बायका पूर्वी बर्फावरसुद्धा पोटऱ्यांपर्यंतचे घागरे घालून खेळायच्या. नॉर्वेची सोन्या हेनी 1924 च्या शामोनीच्या ऑलिंपिकला आली तेव्हा 11 वर्षांची होती, लहान मुलीचा आखूड फ्रॉक घालून आली आणि शेवटचा नंबर आला. त्यानंतर 1928, 1932, 1936, लागोपाठ तीन सुवर्णपदकं, आणि मग स्पर्धा सोडून हेच, गावोगाव फिरते बर्फाचे शो. आखूड झगा आणि पांढरे बूट तिच्यामुळे रूढ झाले म्हणतात. गुडघा दिसायला लागला म्हणून उड्या दिसायला लागल्या, आणि उड्या दिसायला लागल्या म्हणून आमच्यासारख्यांच्या नशिबी लायक्रा आला. लायक्रावर साधी सुई चालत नाही, टोक बोथट लागतं, नाहीतर भोक पडून ओढलं की फाटत जातं. सरळ टाका चालत नाही, कापड ताणलं की दोरा तुटतो. झिगझॅग घालावा लागतो. अंगाच्या रंगाची जाळी, जी लांबून उघडी पाठ वाटते, ती इतकी चिवट असते की आमच्या हेडच्या मते पुण्याचे सगळे टेम्पो तिने ओढता येतील.

आणि थंडीत सुई ओवणं! तंबूच्या मागच्या भागात चौदा-पंधरा अंश असायचं. बाहेर पत्र्यावर पापड भाजतील असं ऊन आणि आत माझी बोटं लाकडाची. गरम चहाच्या कपाला बोटं लावायची, ओवायचं, पुन्हा कप.

एका गोष्टीने मात्र माझं आमच्या पेठेतलं स्थान कायमचं बदललं. पोशाख रोज धुता येत नाहीत आणि दिवसाला दोन शो म्हणजे घाम. हेडने चिठ्ठीवर लिहून दिलं, व्होडका, स्वस्तातली स्वस्त, चार बाटल्या. पाण्यात मिसळून फवारायची, वास मरतो, लगेच वाळते. जगभरच्या कपडेपटांत करतात म्हणे. गेले मी घराजवळच्याच वाइन शॉपमध्ये, सुती साडी, खांद्याला बँकेच्या कॅलेंडरबरोबर मिळालेली कापडी पिशवी. जाळीमागचा मुलगा अदबीने म्हणाला, "काकू, काकांसाठी का?" मी म्हटलं, "कपड्यांना." त्याने काही न बोलता चार बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या. मागे रांगेत आमच्या गल्लीतले एक निवृत्त गृहस्थ होते. ते अजूनही मला पाहिलं की मान जरा जास्तच आदराने लववतात.

खरं काम अंधारात. शोमध्ये एक बदल चाळीस सेकंदांचा होता. काळा पडदा, एक निळा दिवा, खाली रबरी चटई, आम्ही दोघी गुडघ्यांवर. स्केट काढायला वेळ नसतो, त्यामुळे प्रत्येक कपडा पात्यांवरून जाईल असाच बेततात: विजारीला दोन्ही बाजूंनी कमरेपर्यंत चेन, झग्याला मागे मोठी प्रेस बटणं आणि मानेशी एकच हूक. ती मुलगी बर्फावरून थेट आत घुसायची, छाती भात्यासारखी, अंगातून वाफा. खरोखरच्या वाफा, निळ्या उजेडात दिसायच्या. मी डाव्या बाजूची चेन खेचणार, हेड उजवी. कुणी बोलायचं नाही. पात्याच्या आसपास हात नेताना तळवा नेहमी वर, मनगट बाहेर. हे मी दुसऱ्या दिवशी विसरले आणि माझ्या अंगठ्याच्या मुळाशी सुरीने काढावी तशी रेघ आली. रक्त पोशाखाला लागू नये म्हणून अंगठा तोंडात धरून मी एका हाताने हूक लावला. तो हूक लागला याचा आनंद मला नंतर किती वेळ होता! टाळ्या पडत होत्या, त्या अर्थातच माझ्या हुकाला नव्हत्या. बालगंधर्वच्या विंगेतही असंच व्हायचं. काम जमलं की ते नाहीसं होतं.

हिरव्या पोशाखातली ती मुलगी तेविशी-चोविशीची असेल. तिचं नाव मला शेवटपर्यंत नीट उच्चारता आलं नाही, म्हणून आमची इस्त्रीवाली पोरं तिला पोपट म्हणायची, आणि तिला ते आवडलं होतं. झग्याच्या घेराला हिरव्या मण्यांची एक ओळ, गिरकी घेतली की ओळीचं वर्तुळ व्हायचं. त्यांच्याकडचे मूळ मणी संपत आले तसे मी रविवार पेठेत जाऊन जवळात जवळचे मिळवून आणले. तिथे मणी वजनावर देतात. पन्नास ग्रॅम घेतले. ही गोष्ट मी उगीच सांगत नाहीये.

पाचव्या दिवशी सकाळी मी तो पोशाख घेतला. घेरातले सहा मणी सैल झाले होते. सहाही जागी खडूने बारीक ठिपके केले, सैल मणी काढून टाकले, नवे मणी बरणीच्या झाकणात ओतून झाकण मशीनवर ठेवलं आणि लावायला लागले. मध्येच इस्त्रीवाला पोरगा धावत आला, "काकू, लवकर या, इस्त्रीने जाळी पकडली!" मी गेले, जाळी सोडवली, त्याला चार शब्द सुनावले, परत आले, उरलेलं पुरं केलं. संध्याकाळी शोआधी नियमाप्रमाणे घेरावरून उलट्या दिशेने हात फिरवला. हेडचा नियम होता तो: डोळ्यांनी नाही, हाताने तपासायचं. मी फिरवला. पण बोटं बधिर होती, आणि चहा अजून यायचा होता.

ती उडीत पडली असती तर मी आज लिहीत नसते. उडीत सगळेच पडतात. ती उलटी, नुसती मागे मागे, एका पायावरून दुसऱ्या पायावर जात होती, चालण्याइतकं सोपं. पडद्याच्या फटीतून मी बघत होते. एका क्षणी तिचा पाय थांबला, बाकीची ती थांबली नाही. आवाज काहीच आला नाही, संगीत मोठं होतं. दोन सेकंदांत उभी, तेच हसू, दोन्ही हात पसरलेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, काहींना तो नाचाचाच भाग वाटला असणार. चाळीस सेकंदांच्या बदलासाठी आत आली तेव्हा डावा हात पोटाशी धरलेला होता. हेडने प्रश्नार्थक बघितलं, तिने मान हलवली, चेन, चेन, बटणं, हूक, आणि ती परत गेली. उरलेला शो तिने पुरा केला. मनगटाचं हाड मोडलं होतं.

तिचा हिरवा झगा माझ्या हातात होता. मी घेरावरून बोट फिरवलं. एक जागा मोकळी होती.

दोऱ्याचं टोक नाही, गाठ नाही. लायक्रात सुईचं भोक मिटून जातं, त्यामुळे तेही नाही. खडूचा ठिपका होता का? फवारलेल्या व्होडकाने गेला असेल, घामाने गेला असेल. म्हणजे एक तर माझी गाठ इतकी कच्ची होती की दोऱ्यासकट मणी निघून गेला. नाहीतर तो मणी मी लावलाच नव्हता. पोराच्या हाकेला उठले तेव्हा पाच झाले होते का चार, परत आल्यावर कुठून सुरू केलं, काहीच आठवेना. आणि लावलाच नसेल तर पडलाही नसेल. मग ती कशावरून पडली? शो संपल्यावर बर्फाची देखभाल करणारा तो गोरा टॉर्च जमिनीला जवळजवळ टेकवून, आडव्या उजेडात ती सगळी जागा शोधत होता. त्याला एक केसाची पिन मिळाली, पण ती पार दुसऱ्या टोकाला. बर्फावर एक खोक होती, बोटभर. कुणी मला काही विचारलं नाही. सगळे तिच्या मागे गाडीत. मी कपडेपटात एकटी होते.

मी दिवा जवळ ओढला, सुई ओवली, बोटं आपोआप गरम होती, आणि त्या मोकळ्या जागी एक मणी लावला. दोन वेढे, गाठ. वर आणखी एक गाठ.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. यांनाही नाही. लावायलाच हवा होता, दुसऱ्या दिवशी तोच पोशाख बदली मुलगी घालणार होती, काम होतं ते माझं. पण मी तो कामासाठी लावला नाही हे मला सुई हातात घेतानाच माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी हेडने पोशाख घेतला, घेरावरून अंगठा फिरवत आली, एका जागी थांबली. नवा दोरा जुन्यापेक्षा किंचित चमकतो. तिने माझ्याकडे बघितलं नाही. अंगठा पुढे गेला.

मग पुढचे सहा दिवस पोपट माझ्याशेजारी बसून होती. हात गळ्यात, खोलीवर बसून कंटाळा येतो म्हणाली. उजव्या हाताने बरणीच्या झाकणातले मणी एकेक करून मला द्यायची. मी तिला "मणी" शब्द शिकवला, तिने तिच्या भाषेतला मला शिकवला. तो मी विसरले. तिने सांगितलं, चार वर्षांची असताना पहिल्या दिवशी त्यांना चालायला नाही, पडायला शिकवलं होतं: गुडघे वाकवायचे, कुशीवर जायचं, हात टेकायचे नाहीत, मुठी मिटायच्या म्हणजे बोटांवरून कुणाचं पातं जाणार नाही. आणि एवढं शिकूनही आपण हात टेकला, म्हणून तिला स्वतःचीच लाज वाटत होती. "माझी चूक," ती म्हणाली. साध्या इंग्रजीत, अगदी स्पष्ट. मला ते कळलं. कळलं नाही असं मी दाखवलं आणि तिने पुढे केलेला मणी घेतला.

शेवटच्या शोच्या रात्री मागचं मशीन बंद झालं. अकरा दिवस कानात बसलेली घरघर थांबल्यावर पहिल्यांदा रातकिडे ऐकू आले. बर्फ फोडायला पोरं फावडी, पहारी घेऊन उतरली, बूट आणि गमबूट घालून, अकरा दिवस जिथे पाय ठेवायला मनाई होती तिथे. मोठ्या रिंकवर बर्फ सारखा करायला गाडी असते, 1949 मध्ये कॅलिफोर्नियाच्या फ्रँक झांबोनीने काढलेली, तीच जिला सगळे झांबोनी म्हणतात. ती वरचा थर तासून घेते आणि कोमट नाही, चांगलं कढत पाणी पसरते, म्हणजे ते जुन्या बर्फात मुरून एकजीव होतं. आमच्या एवढ्याशा मैदानावर हे सगळं हाताने चालायचं, खरवडायचं आणि पाइपने गरम पाणी. त्यामुळे जे खरवडण्यातून सुटलं ते नव्या थराखाली गेलं. अकरा दिवसांचे थर. फोडलेली ढेकळं घमेल्यांनी तंबूमागे टाकत होते आणि रात्रीच्या गरम हवेत तो ढीग धूर सोडत होता. शेजारच्या वस्तीतली पोरं गोळा झाली, बर्फ एकमेकांच्या शर्टात घालायला लागली. वॉचमन दादांनी एक बादली भरून झाकून ठेवली, "पाण्याची सोय," म्हणाले.

मी मोबाइलचा टॉर्च लावून त्या ढिगाशी बसले. पदर खोचला आणि वितळणाऱ्या पाण्यात हात घातला. टिकल्या निघाल्या, सोनेरी, चंदेरी, शेकड्यांनी. पिसाचा तुकडा. दोन पिना. कुणाचा तरी अर्धा खोटा पापणीचा केस. एक पोरगी येऊन शेजारी बसली, "काकू, काय हरवलंय? सोन्याचं आहे का?" मी म्हटलं, "मणी. हिरवा." तीही शोधायला लागली, मग तिची भावंडंही. अर्धा तास आम्ही ते गार पाणी चिवडत होतो. पाणी मातीतून वाट काढत उतारावर चाललं होतं. माझे हात आठ वर्षांच्या मुलीइतके गार पडले होते. मणी मिळाला नाही. पोरांनी मूठमूठ टिकल्या नेल्या.

म्हणजे नऊ खंडेनवम्या तो माझ्या मशीनच्या पोटात होता. तसं पाहिलं तर मशीन दरवर्षी उघडते, आधी कसा नाही सापडला? कधी इतकं मागे कलतं केलं नसेल. यंदा कंबरेचा पट्टा लावलेला असल्यामुळे वाकता येईना म्हणून आडवंच पाडलं. झाकण मशीनवर होतं, पोराच्या हाकेसरशी मी उठले, मशीनला धक्का लागला असेल, एक मणी पट्टीच्या फटीतून आत. सहावा. मग मी सुटले. असं मनात आलं आणि छातीतून काहीतरी खाली उतरल्यासारखं झालं, ते दोनच मिनिटं टिकलं. कारण पन्नास ग्रॅममध्ये मणी किती होते ते मी मोजलेलंच नव्हतं. पुढचे सहा दिवस तेच झाकण तिथेच होतं, आणि एका हाताने मणी देणाऱ्या मुलीकडून एखादा निसटला असेल तर? तो तिच्या बोटांतला असेल तर?

मी मणी बटणांच्या डब्यात टाकला आणि मशीनला मोठी माळ घातली.

परवा सून तिच्या ब्लाउजच्या नाडीला लटकन करत बसली होती. डबा उपडा करून तिने शोधाशोध केली आणि तोच नेमका चिमटीत धरला. "आई, हा घेऊ? काय सुंदर आहे. जोडी आहे का याची?" मी मान हलवली. "मग एकच कशाला ठेवलाय?"

माझ्या दातांत दोरा होता, त्यामुळे बोलता आलं नाही.